धानाच्या तीन लोंबी

जीवशास्त्र शिकावयाचे ते डॉक्टर होण्यासाठीच, अशी समजूत आमच्या सावलीच्या पालकवर्गात दृढ आहे. वैद्यकाची प्रवेशपरीक्षा साधली नाही, की मुलीचे शिक्षण थांबविण्याची घाई होते. अशाच एका वडिलांनी आम्हांस विचारिले, “सर, झाडेपाने मोजून पोट भरते काय?”

प्रश्न खरा आहे. आपल्याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड (मराठवाड्यातील शहर नव्हे) येथील दादाजी खोब्रागडे यांस १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या धानात तीन लोंबी निराळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या राखिल्या, पेरिल्या, पुन्हा निवडिल्या; असे वर्षानुवर्षे केले. त्यातून निघाला तो एच.एम.टी. तांदूळ, नाव पडले त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून! शाळा तिसरीपर्यंतच झालेल्या ह्या शेतकऱ्याच्या हाती धन मात्र फारसे आले नाही. २०१८ साली ते निवर्तले.

हीच निवड विद्यापीठात वेतन व साधने देऊन चालते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र शेजारी सिंदेवाहीस आहे. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. वाण पारखणे, गादमाशीचा उपद्रव मोजणे, तलावांतील मासे नोंदणे, हे एकट्या प्राध्यापकाचे काम नव्हे. बांधीच्या चिखलात उतरणारे विद्यार्थी लागतात. रोवणीत वाढलेल्या मुलीस निराळी लोंबी शहरच्या मुलाआधी दिसेल, असे आमचे मत आहे.

धान लोंबीवर येताच वरच्या वर्गांस सिंदेवाहीस नेण्याचा आमचा मानस आहे. पालकांनीही यावे, डबा मात्र आपापला आणावा.