बाळहिरडा आणि ओलोरोसो

नारायणगाव

प्रिय सुधाकर,


तू दिलेली ग्लेनड्रोनॅक व्हिस्की अखेर उघडली. अठरा वर्षं मुरलेली, 46 टक्क्यांची, ओलोरोसो शेरीच्या पिंपांतली. मी बागायतदार, म्हणून बागायतदाराच्याच नजरेने लिहितो. मला ही व्हिस्की बार्लीइतकीच द्राक्षाची वाटली.

पेल्यात ओतून थोडा वेळ तशीच राहू दिली. वासात आधी बेदाणा आला, तोही ताजा हिरवा नाही, वर्षभर पडून तपकिरी झालेला. त्यामागून वाळलेली संत्र्याची साल, अक्रोड, जराशी दालचिनी. एवढं सगळं गोडाकडे झुकणारं, आणि ओलोरोसो ही वाइन मुळात गोड नसते! स्पेनमध्ये हेरेसला ती पालोमिनो नावाच्या पांढऱ्या द्राक्षापासून करतात. साखर पूर्ण आंबून जाते. मग द्राक्षाचाच मद्यार्क घालून तीव्रता 17 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर नेतात, म्हणजे वर यीस्टची साय धरत नाही आणि हवा थेट वाइनवर काम करते. अक्रोडाचा वास त्या हवेचा. पेद्रो हिमेनेसची गोड काळी शेरी वेगळी. तिचे घड थेट उन्हात पसरून वाळवतात. आपल्या तासगावकडे बेदाणा शेडमध्ये, सावलीत जाळ्यांवर सुकवतात, त्यामुळे तो फिका राहतो.

पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडच्या भट्ट्यांना आयती मिळायची. 1980च्या दशकात ती पिंपांतली निर्यात थांबली. आता नवी पिंपं बनवून घेतात, त्यांत वर्ष-दोन वर्षं शेरी भरून ठेवतात आणि मग ती व्हिस्कीसाठी नेतात. म्हणजे कुठल्याशा मळ्यातलं द्राक्ष केवळ लाकूड भिजवण्यासाठी पिकतं. मला यात कमीपणा दिसत नाही. शामराव चौगुल्यांच्या शातो इंडाजने इथे नारायणगावात फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी पाठवली, तेव्हापासून द्राक्ष कुठे कुठे पोचू शकतं हे आपल्या भागाला ठाऊक आहे.

पण खरी गोष्ट घोट गिळल्यावर सुरू झाली. गोडी ओसरली आणि हिरड्यांवर, गालांच्या आत कोरडेपणा पसरला. मला लगेच आहुपे खोऱ्यातला बाळहिरडा आठवला. उन्हाळ्यात महादेव कोळी कुटुंबं झाडाखाली वेचतात आणि उन्हात काळा होईपर्यंत वाळवतात, तोच. तो दाताखाली धरला की तोंड असंच आवळतं आणि नंतर प्यायलेलं पाणी गोड लागतं. हा योगायोग नाही. ओकच्या लाकडातलं आणि हिरड्यातलं टॅनिन एकाच कुळातलं; चामडं कमवायला हिरडा लागतो तो त्याच्याच जोरावर. पुष्कळजण या तुरटपणाला दोष मानतात. मी नाही मानत. तो नसता तर बेदाण्याची गोडी दुसऱ्या घोटालाच चिकट झाली असती. पाण्याचे चार थेंब घातल्यावर तो जरा मागे हटला, संत्रं पुढे आलं. मला मात्र पाण्याआधीचीच जास्त आवडली.

अठरा या आकड्याचा मोह मात्र सोड. स्कॉटलंडच्या गारव्यात पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के उडून जातं, गोव्याच्या उष्म्यात सुमारे 8. शेरीच्या 500 लिटरच्या पिंपाचा हिशेब मांडला: अठरा वर्षांनी तिकडे साडेतीनशेच्या आसपास लिटर उरतात, गोव्यात जेमतेम 110. आणि तोवर लाकडाने इतकं टॅनिन सोडलेलं असेल की पेल्यात नुसता हिरडाच उरेल. म्हणून गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन व्हिस्की थोड्या वर्षांतच बाटलीत उतरते, आणि तिला कोवळी म्हणणं अन्यायाचं आहे. छाटणीपासून किती दिवस झाले एवढं मोजून आपण तरी कधी घड तोडतो का? मणी चाखूनच तोडतो.

जानेवारीत ये. तेव्हा माझ्या बागेत मण्यांत पाणी उतरलेलं असेल. पॉल जॉनची ओलोरोसोच्या पिंपातली बाटली मी आणवून ठेवतो. तुझी निम्मी शिल्लक आहे. दोन्ही शेजारी ठेवू, आणि लाकूड कुठे बोलतं, द्राक्ष कुठे, ते तुझ्या जिभेने सांग.

तुझा,
वसंत