कोड खुला, ॲप किती खुले?

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर एक क्यूआर कोड असतो. ‘दीक्षा’ ॲपने तो स्कॅन केला की डिजिटल पुस्तक आणि पाठांचे व्हिडिओ उघडतात. 2020 च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा याच ॲपवरच्या पाठांचे दुवे शिक्षक व्हॉट्सॲपवरून पाठवत होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याच्या आसपासच्या कापूसपट्ट्यात आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवर (वस्त्यांवर), ज्या घरी स्मार्टफोन होता तिथे तो बहुधा एकच, आणि तोही बापाचा.

‘दीक्षा’ 2017 मध्ये सुरू झाले. ते एनसीईआरटी चालवते. त्याचा पाया, ‘सनबर्ड’, हा बंगळुरूच्या एकस्टेप फाउंडेशनने उभा केला आणि एमआयटी परवान्याखाली सर्वांसाठी खुला ठेवला. कोणीही तो वाचावा, बदलावा, वापरावा. सार्वजनिक शिक्षणाच्या सॉफ्टवेअरला असाच पाया हवा, असे माझे ठाम मत आहे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, हे केंद्र सरकारचे 2015 चे धोरणही सांगते.

मे 2022 मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने 49 देशांतल्या ऑनलाइन शिक्षणाच्या साधनांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात ‘दीक्षा’ही होते. हे ॲप विद्यार्थ्यांचे अचूक ठिकाण गोळा करत होते आणि फोनचा जाहिरात ओळख क्रमांक गूगलकडे पाठवत होते, असे त्या अहवालात नोंदवले आहे. त्यासाठी दोन घटकांची नावे दिली होती: गूगलचे फायरबेस ॲनालिटिक्स आणि क्रॅशलिटिक्स.

कोड तर खुला होता!

हे कसे घडते, ते ॲप बांधताना जवळून दिसते. आजचे जवळजवळ कुठलेच ॲप कोणी पहिल्या ओळीपासून स्वतः लिहीत नाही. लॉगिन, नकाशा, सूचना, बिघाडाच्या नोंदी, सगळ्यासाठी तयार लायब्ररी जोडायच्या. फायरबेसचा बराच भाग गूगलने खुला केला आहे, पण ॲनालिटिक्सचा गाभा बंद आहे. तो तयार, संकलित रूपातच मिळतो. प्रोग्रामरच्या खुल्या कोडमध्ये त्याची खूण एका ओळीची: लायब्ररीचे नाव आणि आवृत्ती. आत काय चालते, ते वाचायला काहीच नसते.

परवानग्यांचेही तसेच. ॲपला काय काय लागणार, हे ‘मॅनिफेस्ट’ नावाच्या फाइलीत लिहितात. पण प्रत्येक लायब्ररी आपले मॅनिफेस्ट बरोबर आणते आणि ॲप बांधताना ही सगळी एकत्र होतात. अँड्रॉइड 13 साठी बांधलेल्या ॲपला जाहिरात ओळख क्रमांक वाचायला वेगळी परवानगी लागते. त्या परवानगीची ओळ प्रोग्रामरने कधी लिहिलेलीच नसते, तरी तयार एपीके, म्हणजे ॲपची बांधलेली फाइल, उलगडली की आत सापडते. नको असेल, तर ती मुद्दाम काढून टाकण्याची सूचना लिहावी लागते. त्यामुळे एखादे ॲप खुले आहे का, हे ठरवताना कोडचे भांडार पाहून थांबणे मला पुरेसे वाटत नाही. फोनमध्ये जी एपीके उतरते, तीच तपासायला हवी.

केळापूरसारख्या ठिकाणी याला आणखी एक पदर आहे. जाहिरात ओळख क्रमांक फोनवरच्या सर्व ॲपना एकच दिसतो. सकाळी बापाने घरातल्या एकाच फोनवर बाजारभाव पाहायचे, संध्याकाळी मुलीने गणिताचा पाठ. तो क्रमांक वाचणाऱ्या कंपनीला हे दोघे एकाच धाग्यात ओवता येतात. मुलीची संमती कोणी घेतली? बापाने तरी कशाला संमती दिली, हे त्याला कोणी सांगितले?

कापसाच्या बियाण्याची पिशवी घेताना शेतकरी लेबल वाचतो. उगवणशक्ती आणि शुद्धता त्यावर छापणे 1966 च्या बियाणे कायद्याने बंधनकारक आहे. ॲपच्या बाबतीत असे लेबल अशक्य नाही. 2010 पासून चालणारे एफ-ड्रॉइड हे भांडार ॲप शक्यतो स्वतः कोडपासून बांधते, बंद लायब्ररी असलेले ॲप स्वीकारत नाही आणि माग काढणाऱ्या किंवा बंद सेवांवर विसंबणाऱ्या ॲपवर तशी खूण करते. फ्रान्समधली एक्सोडस प्रायव्हसी ही संस्था एपीकेमधले ट्रॅकर शोधून यादी जाहीर करते. स्वयंसेवकांना हे जमते, तर शिक्षण मंत्रालयाला का जमू नये? पाठ्यपुस्तकातून मुलांपर्यंत पोचणाऱ्या प्रत्येक ॲपच्या बंद घटकांची यादी प्रसिद्ध व्हावी, आणि ते घटक वगळून बांधलेली एपीकेही सरकारने द्यावी.

तोवर पालकांच्या हातात एक उपाय आहे. अलीकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये, सेटिंग्जमधल्या गोपनीयतेखाली जाहिरातींच्या भागात, हा ओळख क्रमांक कायमचा पुसता येतो. मग ॲपना त्या जागी नुसती शून्ये मिळतात. पालकसभेत शिक्षकांनी हे पाच मिनिटांत दाखवावे. मात्र फायरबेस प्रत्येक ॲपपुरता स्वतःचा वेगळा क्रमांकही तयार करते, आणि तो या बटणाने बंद होत नाही. तो बंद करणे ॲप बांधणाऱ्यांच्याच हातात आहे.