वाचून दाखव, मग सही घे

खोपट, ठाणे
सोमवार, पहाट

चि. सोनूस,


काल तू जेवून गेलीस आणि मला झोप लागली नाही. डेपोतून पहाटेची पहिली एस.टी. सुटली तेव्हा उठून दिवा लावला. फोन केला असता तर ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणून ठेवून दिला असतास. कागद निदान पुन्हा वाचता येतो.

तुझा प्रश्न साधा होता. डोंबिवली एमआयडीसीतल्या तुझ्या अशिलाला कामगारांच्या करारात कलम हवंय, की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कारखान्यात त्याच कामाला लागायचं नाही. दोनाचं एक वर्ष केलं तर चालेल का, असं तू विचारलंस. नाही चालणार. दोन कर, एक कर, सहा महिने कर, नोकरी संपली की ते बंधनही संपलं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ उघड. कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. आपला धंदा गुडविलसकट विकणाऱ्यापुरता अपवाद आहे, नोकराला लावायला नाही. इंग्लंडातली न्यायालयं बंधन वाजवी आहे का ते तपासतात, आपल्या कायद्यानं नोकरीनंतरच्या बंधनाला ती सवलत ठेवलेली नाही. तुझं कलम कुठल्या तरी परदेशी नमुन्यातून उचललेलं आहे, हे मला पहिल्या वाक्यातच कळलं.

आपल्या श्रीरामपूरच्या जहीर खानचंच घे. जाहिरातींचं काम बघणाऱ्या पर्सेप्ट डी’मार्क कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता, २००३ मध्ये संपला. मुदत संपल्यावरही दुसऱ्याकडून आलेला देकार आधी आम्हाला दाखव, असं कलम त्यात होतं. मुंबई उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी मनाई दिली, खंडपीठानं ती उठवली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खंडपीठाचं म्हणणं कायम केलं. मुदतीनंतरचं बंधन कलम २७ मध्ये अडकतं. एवढ्या नावाजलेल्या खेळाडूला जे बांधू शकलं नाही, ते तुझ्या रिअ‍ॅक्टरवरच्या ऑपरेटरला कसं बांधणार?

पण माझी झोप उडाली ती या प्रश्नानं नाही. हात धुता धुता तू म्हणालीस, “सही झाली ना, मग वाचायचं त्याचं त्यानं.” सोनू, हे वाक्य तुझ्या तोंडी शोभत नाही. तुझे आजोबा गल्लीतल्या लोकांची भाडेपावतीसुद्धा वाचून दाखवायचे, ते तू ओट्यावर बसून ऐकलं आहेस.

कलम १३ काय सांगतं? दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थानं राजी झाली, तर ती संमती. एकाच अर्थानं! सही करणाऱ्यानं वाचलंच असणार असं न्यायालय धरून चालतं, हे मला ठाऊक आहे, आणि उलटतपासणीत तुला ते कामालाही येईल. पण मसुदा लिहिणाऱ्यानं त्यावर विसंबून राहू नये. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यापुढे अकरा पानं इंग्रजी ठेवायची आणि शेवटच्या पानावर बोट दाखवायचं, याला मी करार म्हणत नाही.

मी हे पुस्तकातून बोलत नाहीये. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत वागळे इस्टेटमधल्या एका कारखानदारासाठी मी असाच, मधेच नोकरी सोडली तर रक्कम भरायची असा, बॉन्ड केला होता. लेथवरचा मुलगा सहीला आला. वेस्टनं हात पुसले तरी बोटांना ऑइल होतंच, ते कागदाच्या कोपऱ्याला लागलं. त्यानं विचारलं, “ताई, यात काय लिहिलंय?” मी म्हटलं, “नेहमीचंच आहे.” मालकाला घाई होती, मला कोर्ट नाक्यावर बाराची तारीख होती. पुढे वर्षभरात त्याची आई आजारी पडली, तो गावी गेला, तिकडेच कामाला लागला. बॉन्डची रक्कम भरा म्हणून त्याला नोटीस गेली, आणि ती नोटीसही मीच लिहिली. तो ती घेऊन माझ्याच ऑफिसात आला आणि म्हणाला, “तुम्ही तर नेहमीचं म्हणाला होतात.” प्रकरण तडजोडीत मिटलं. तो ऑइलचा ठसा मात्र मला अजून दिसतो.

तुझ्या अशिलाची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. मुलगा तयार करायचा आणि शेजारच्यानं पळवायचा, हे दुःख या पट्ट्यात जुनं आहे. शहाडच्या सेंच्युरी कंपनीचा निकाल मी तुला किती वेळा सांगितला! टायर कॉर्डच्या सुताचं तंत्र कंपनीनं हॉलंड आणि जर्मनीतल्या कंपन्यांकडून घेतलं, १,४०,००० मार्क मोजून, आणि कामगारांकडून गुप्तता लिहून घ्यायची या अटीवर. निरंजन गोळीकरी शिफ्ट सुपरवायझर होते, करार १९६३ पासून पाच वर्षांचा. शिकले, आणि पुढच्याच वर्षी कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. १९६७ मध्ये न्यायमूर्ती शेलत यांनी निकाल दिला, की ठरलेल्या मुदतीच्या आतलं असं बंधन म्हणजे धंद्याची अडवणूक नव्हे. मनाई टिकली, पण उरलेल्या मुदतीपुरती आणि त्याच कामापुरती. काय जपायचंय आणि किती काळ, हे त्या करारात नेमकं होतं म्हणून ती टिकली. तुझ्या मसुद्यात ‘सर्व प्रकारची माहिती’ असं लिहिलं आहेस. सर्व म्हणजे काय? कँटीनचा चहा किती वाजता येतो तेही?

तेव्हा आधी डोंबिवलीला जा. फेज दोनमध्ये उतर, कारखान्यात उभी राहा, नेमकं गुपित काय ते मालकाला विचार. तापमान? मिश्रणाचं प्रमाण? गिऱ्हाइकांची यादी? तेवढंच लिही. मसुद्यातलं दहा लाखांच्या दंडाचं कलम काढून टाक. करार कायद्याच्या कलम ७४ खाली लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा असते, न्यायालय त्याच्या आत वाजवी भरपाई देतं. १९६३ च्या फतेहचंद निकालापासून हे ठरलेलं आहे, आणि २०१५ च्या कैलाश नाथ निकालानं बजावलं की नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावंच लागेल. प्रशिक्षणावर खरोखर काय खर्च झाला त्याची बिलं मालकाकडे माग आणि आकडा त्यावरून काढ. मे २०२५ मध्ये विजया बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉन्ड सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला, त्यात गोळीकरी निकालाचाच आधार घेतला. पण तिथे सही करणारा बँकेतला वरिष्ठ पगाराचा अधिकारी होता. तुझा ऑपरेटर महिन्याला किती घरी नेतो, ते तरी विचारलंस का? आणि हो, ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प पाचशेचा झालाय, जुन्या सवयीनं शंभराचा लावू नकोस.

मग मराठीत प्रत कर. सही घेण्याआधी तू स्वतः वाचून दाखव. सही घ्यायला मालकाच्या माणसाला पाठवू नकोस. वाचताना कामगाराचा चेहरा बघ. जिथे तो थांबेल ते कलम पुन्हा लिही.

आणि आता जे काल विचारायचं राहिलं ते. जेवताना तू सहज बोलून गेलीस, की नव्या ऑफिसच्या नेमणुकीच्या कागदावर तू दादर ते ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवरच सही केलीस. किती पानं होती? नोटीस पिरियड किती महिन्यांचा आहे? मधेच सोडलंस तर काय भरायचं? बाहेरची कामं घेता येणार आहेत का? तुझा चेहरा उतरलेला होता, डोळ्यांखाली काळं आलंय, आणि रात्री अकरालाही फोन वाजला की तू उठून जात होतीस. वहिनीला मी काही बोलले नाही. सोडावंसं वाटलं तर तुला सोडता येईल ना?

रविवारी ये. तो कागद छापून आण, सगळी पानं. पहिल्यापासून वाचू, मी चष्मा काढून ठेवते.

तुझी,
आत्या