तारेचे तारुण्य

गिटारवर नव्या तारा चढवल्या की पहिले दोन-तीन दिवस त्या कोणाचेच ऐकत नाहीत. सकाळी सुरात लावाव्यात, तर कॉलेजातून परत येईपर्यंत सगळ्या उतरलेल्या. खुंटीभोवतीचे वेढे आवळत असतात, दुसऱ्या टोकाची गुंडी आपल्या जागी घट्ट बसत असते आणि तारही ताण अंगवळणी पाडून घेत असते. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलासारखे हे चालते. तीन दिवस रुसवे-फुगवे, मग सगळे सुरळीत.

ज्या वाचकांनी गिटार हाती धरलेली नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती. गिटारला सहा तारा. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, सर्वांत बारीक सुमारे ३३० वेळा. बारीक दोन तारा नुसत्या पोलादाच्या. जाड चार तारांत आत पोलाद आणि त्यावर दुसऱ्या धातूच्या तारेचे वेटोळे. हे वेटोळे पूर्वी ८० टक्के तांबे व २० टक्के जस्ताचे असे, आजही मिळते. त्याला ब्राँझ म्हणतात, पण आपल्या घरच्या भाषेत ते पितळच. १९७४ साली अमेरिकेतील डॅडारिओ कंपनीने फॉस्फर ब्राँझच्या तारा आणल्या. त्यात तांब्याबरोबर कथील असते आणि फॉस्फरस अगदी नावापुरता.

तार छेडली की एकच स्वर निघतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या कंपनांची रांगच्या रांग वाजत असते. आपल्या गाण्याबजावण्यातली मंडळी यांना स्वयंभू स्वर म्हणतात. नव्या तारेत ही रांग फार वरपर्यंत जाते आणि बराच वेळ टिकते. नवी तार झळाळते ती यामुळे. ताज्या घासलेल्या तांब्याच्या हंड्यावर ऊन पडावे, तसा तो आवाज असतो.

मग बोटांचा घाम, तेल आणि कातडीचा भुगा वेटोळ्यांच्या फटींत जाऊन बसतो. धातू काळवंडतो. वेढे मोकळेपणाने हलत नाहीत, एकमेकांशी घासतात. हे घर्षण सगळ्या कंपनांना सारखे गिळत नाही. जलद, बारीक कंपने आधी गिळते, संथ आणि मोठी बहुतेक तशीच सोडते. म्हणून जुन्या तारेचा मूळ स्वर शाबूत असतो, फक्त वरची झळाळी जाते. शिवाय पडद्यांवर दाबून दाबून तारेला खालून बारीक खाचा पडतात. तार सर्वत्र सारखी राहिली नाही की वरच्या पडद्यांवर सूर चुकू लागतो. बेस गिटार वाजवणारे काहीजण जुन्या तारा पाण्यात उकळतात. मळ निघतो, चार दिवस चमक परत येते, खाचा मात्र राहतात. हा प्रयोग मला करायचा होता, पण आईने चहाचे पातेले दिले नाही.

मी या गोष्टीची वहीत नोंद ठेवतो. रोज दीड तास वाजवले तर तिसऱ्या दिवशी तारा स्थिरावतात, दहाव्या दिवसापर्यंत झळाळतात आणि चौथ्या आठवड्यात मंद होतात. जुलैत बेळगावात कपडे वाळत नाहीत, त्या दिवसांत तिसरा आठवडाच पुरे. सगळ्यांनाच झळाळी हवी असते असेही नाही. अमेरिकेतील जेम्स जेमरसन हा नामांकित बेसवादक तार तुटल्याशिवाय बदलत नसे. त्याला तो दबलेला, भरीव आवाजच हवा होता.

इतके सगळे सांगण्याचे कारण माझी आत्या.

आत्या आमच्याच घरात, शहापुरात, माडीवर राहते आणि पस्तीस वर्षांहून अधिक काळ गाणे शिकवते. तिच्याकडे मराठी घरांतली मुले येतात, तशी कन्नड घरांतलीही. कोणी ‘बाई, तार उतरली’ म्हणते, कोणी ‘तंती’ म्हणते. तिचा तानपुरा मिरजेचा. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा घरात पेढे आले होते. जणू मान आमच्याच भोपळ्याला मिळाला होता! तानपुरा लावायला तिला अर्धा तास लागतो. घाई केली तर ती आपल्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे नाव घेते. तानपुऱ्यांच्या बाबतीत ते किती काटेकोर होते हे आम्ही त्या अर्ध्या तासात अनेकदा ऐकले आहे.

गेल्या गणपतीनंतर ती म्हणू लागली, “तानपुरा मुका झालाय.” तिने तारा बदलल्या. पोलादाच्या तीन आणि खर्जाची पितळी, चारही. तरी तेच. मग मिरजेहून कारागीर आणून जवारी काढून घेतली. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्याला हलकेच टेकत जाते आणि तिच्याखाली सरकवलेला सुती दोरा ती जागा नेमकी साधून देतो. त्यामुळे वरच्या स्वरांची ती गुंजन करणारी लड सुटते. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी तानपुरा आणि वीणा यांवर निबंध लिहून दाखवले की या वाद्यांत साध्या तारेच्या नियमाने जे स्वर उमटू नयेत, तेही उमटतात. तारांनी घोडीवर चरे पडले की ही किमया जाते, म्हणून जवारी पुन्हा काढावी लागते.

जवारी उत्तम निघाली होती. शिष्यमंडळी म्हणाली, माडी भरून गेली. आत्या म्हणाली, “घोंगडीत गुंडाळल्यासारखा वाटतोय.” आणि त्याच संध्याकाळी तिने सांगून टाकले की दिवाळीपासून वर्ग बंद. “जिला आपल्या तानपुऱ्याचे कळत नाही, तिने दुसऱ्याला सूर शिकवू नये.”

घरात कोणी काही बोलले नाही. तिच्या बोलण्यापुढे आमच्याकडे कोणी बोलत नाही. पण वर्ग बंद झाल्यावर आत्या दिवसभर करणार काय, हा प्रश्न सगळ्यांच्या ताटात वाढलेला होता.

त्याच आठवड्यात मी गिटारला नव्या तारा चढवल्या होत्या. माझ्या मित्राच्या गिटारवरच्या तारा तीन महिन्यांच्या, पार काळ्या पडलेल्या. दोन्ही गिटारी घेऊन मी माडीवर गेलो. “आत्या, पाठ फिरवून बस आणि नव्या तारा कुठल्या ते सांग.” आधी एक वाजवली, मग दुसरी. चौथीतला माझा चुलतभाऊ दारातूनच ओरडला, “पहिली नवी!” आत्याने पुन्हा वाजवायला लावले. मग म्हणाली, “मला दोन्ही सारख्याच वाटतात. पण दुसरीची खालची तार केसभर उतरलेली आहे.”

मोबाइलवरच्या यंत्राने पाहिले. तार खरोखरच केसभर उतरलेली होती.

तेव्हा एकेक गोष्ट जुळू लागली. ‘साखर’ मागितली की आत्या ‘भाकर’ ऐकत असे. स, श, फ ही अक्षरे उंच कंपनांवर जगतात. वय झाले की कानाची उंच कंपने पकडण्याची शक्ती आधी ओसरते. म्हणजे तार म्हातारी होताना जे गमावते, नेमके तेच कानही गमावतो. आत्याच्या नव्या तारांची झळाळी तानपुऱ्यात होतीच, ती तिच्यापर्यंत पोचत नव्हती.

कानाच्या डॉक्टरांकडे जायला ती आठ दिवस तयार नव्हती. गेली तेव्हा त्यांनी तपासून कागदावर एक रेघ काढून दिली. डावीकडे खालचे स्वर, उजवीकडे वरचे. रेघ १,००० कंपनांपर्यंत जवळजवळ सरळ आणि २,००० च्या पुढे घाट उतरावा तशी खाली. आत्याने तो कागद घडी घालून पिशवीत टाकला आणि घरी येईपर्यंत बोलली नाही.

रात्री मी वही घेऊन तिच्याजवळ बसलो. तिची पट्टी काळी चार. तिचा षड्ज सुमारे २०८ कंपनांचा, खर्ज त्याच्या निम्मा, १०४. तानपुरा सुरेल लागला की एकही तार गंधाराची नसताना गंधार ऐकू येतो. तो खर्जाच्या तारेचा पाचवा स्वयंभू स्वर. १०४ ला ५ ने गुणले की ५२०. डॉक्टरांच्या कागदावर ५२० पाशी बोट ठेवले. तिथे रेघ सरळ होती.

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग विचारले, “म्हणजे मला गंधार ऐकू येतो, तो खराच ना?”

“खराच. तुझी झळाळी गेली आहे, सूर नाही.”

वर्ग चालू आहे. तानपुरा लावते आत्याच. जवारीचा दोरा सरकवायचा असेल तेव्हा मात्र आमच्या गल्लीतली एक कन्नड मुलगी, तिची सर्वांत जुनी शिष्या, शेजारी बसते आणि “बाई, आता सुटली” असे सांगते. यंत्र घेतले आहे. ते बोलण्यापुरते कानात असते, तानपुरा हाती घेतला की डबीत जाते. त्यातून तानपुरा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा ऐकू येतो, अशी तक्रार आहे. आणि साखरेला आता भाकर मिळत नाही.

तारा बदलायला काही शे रुपये लागतात, कान बदलून मिळत नाहीत. तेव्हा घरातले कोणी वडीलधारे माणूस तानपुऱ्याला, रेडिओला किंवा सुनेच्या पुटपुटण्याला दोष देऊ लागले, तर आधी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जावे. तारा नंतरही बदलता येतात.