आक्कांचे पाय



मागच्या वर्षी दशलक्षण पर्वात मी एक अक्षर लिहिलं नाही. दोघी-तिघींनी विचारलंही. कारण आमच्या आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई. आषाढात छातीत कफ होऊन नऊ दिवस दवाखान्यात होत्या. वय ७६. बऱ्या होऊन घरी आल्या आणि मी ठरवलं, आता यांना काडीचंही काम करू द्यायचं नाही.

"उठू नका हं आक्का, मी आहे ना." दूध पलंगावर, जेवण पलंगावर, जपमाळ उशाशी. उशीला टेकून बसल्या की पाठीमागं अजून एक उशी. शेजारच्या काकी म्हणाल्या, सून असावी तर अशी. खोटं कशाला सांगू, मला ते ऐकायला आवडलं. असे तीन आठवडे गेले.

मग एका सकाळी त्या म्हणाल्या, आज बस्तीला दर्शनाला जाऊया. पाय खाली सोडले, हात गुडघ्यांवर टेकले आणि उठताच येईना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा मी आणि यांनी दोन्हीकडून धरून उभं केलं. ताप जाऊन कितीतरी दिवस झाले होते. लुगडं सावरताना त्यांच्या पोटऱ्या दिसल्या. कातडी सैल लोंबत होती, आत काही उरलंच नव्हतं. त्या परत बसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे. मी इथूनच हात जोडते."

बस्ती एक वेळ इथूनही होईल. त्यांना खरं लागलं ते दुसरंच. आमच्या घरी चौका लागतो तेव्हा गेली चाळीस वर्षं महाराजांना पहिला घास आक्का देतात. मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत स्थितिभोजन आहे, म्हणजे उभ्यानंच, हाताच्या ओंजळीत आहार घ्यायचा. आक्का म्हणाल्या, "ते उभं राहून घेणार आणि मी खुर्चीत बसून देणार होय?" यावर मला काही बोलता आलं नाही.

यांनी मग एका फिजिओथेरपिस्ट मुलीला घरी बोलावलं. वयानं माझ्या लेकीएवढी. तिनं आक्कांना बिनहाताच्या लाकडी खुर्चीत बसवलं, हात छातीवर बांधायला लावले आणि सांगितलं, हात न टेकता उठा-बसा. कशाबशा दोनदा झालं. मग तिनं मला विचारलं, "काकू, किती दिवस झोपवून ठेवलंत?" आवाजात राग नव्हता, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं जे समजावलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. स्नायू फार हिशेबी असतो. त्याला पोसायला शरीराला रोज खर्च पडतो, म्हणून ज्याचं काम नाही त्याला शरीर मोडीत काढतं. तरुणपणी हे नुकसान लवकर भरून येतं. म्हातारपणी तसं होत नाही. २००७ साली एक अभ्यास छापून आला होता. साठीच्या पुढच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. त्यांना काही आजारही नव्हता. आमच्या आक्का तर आजारातून उठलेल्या, आणि वर माझे तीन आठवडे.

दुसरी गोष्ट तर मला अगदीच नवी होती. स्नायूत दोन तऱ्हेचे तंतू असतात. एक सावकाश पण बराच वेळ काम करणारे, दुसरे झटक्यात जोर लावणारे. वय वाढतं तसे हे दुसरे आधी आणि जास्त बारीक होतात. ठेच लागल्यावर तोल सावरतो तो त्यांच्याच जोरावर. म्हणून म्हातारं माणूस तासभर हळूहळू चालू शकतं, पण उंबऱ्याला पाय अडखळला की पडतं. आणि याची सुरुवात सत्तरीत होत नाही, तिशी-चाळिशीनंतरच होते. हे ऐकून मी त्या रात्री सामायिकाला बसले आणि मुद्दाम हात न टेकता उठून पाहिलं. मला ५३ पूर्ण झालीत. नाही जमलं!

आमच्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. जातं, पाटा, आड, खाली बसून चूल. दिवसातून पन्नास वेळा उठबस. आपल्याला ओटा आला, मिक्सर आला, आणि आता बस्तीतही मागच्या भिंतीला खुर्च्यांची रांग असते. ती रांग दरवर्षी वाढतेय, बघा कधी मोजून.

आक्कांनी विचारलं, "या वयात आता काय भरणार गं?" त्या मुलीनं १९९० सालचा एक प्रयोग सांगितला. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. ज्यांनी पुरं केलं त्यांची पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. आक्का म्हणाल्या, "म्हणजे मी लहानच की."

पहिल्या तीन आठवड्यांत उठबस दोनाची सहा झाली, पण पोटऱ्या होत्या तशाच. मुलगी म्हणाली, हे असंच असतं. आधी मज्जातंतू शिकतात, झोपलेल्या तंतूंना हाक मारतात. मांस भरायला दोन-तीन महिने लागतात. आणि नुसतं चालून भागत नाही, स्नायूला रोजच्यापेक्षा थोडं जड पडलं पाहिजे, मग एक दिवस विश्रांती. म्हणून आठवड्यातून तीन दिवस. पुढं पायाला वाळूची पिशवी बांधायची होती, आक्कांनी तांदळाची शिवून घेतली. अर्ध्या किलोची, मग किलोची.

खरी अडचण आली ती जेवणाची. आक्का अष्टमी-चतुर्दशीला एकासन करतात, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. आणि ही पोर म्हणते, वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं पाहिजेत, तीही दिवसभरात विभागून. आक्कांचं वजन ४८. म्हणजे पन्नास-पंचावन्न ग्रॅम. त्या खायच्या ती पातळ आमटी, अर्धी भाकरी आणि ताक. मोड आलेलं आमच्याकडे चालत नाही, द्विदलाचा दोष म्हणून डाळ आणि दही एकत्र नाही. मी वही घेऊन बसले. सकाळी दूध आणि शेंगदाण्याचा लाडू, दुपारी घट्ट वरण नाहीतर मुगाचं धिरडं, सूर्यास्ताच्या आत घरचं पनीर आणि पुन्हा दूध. रात्रीभोजन त्याग कुठंही मोडला नाही.

एकासनाचं मात्र आक्का ऐकेनात. व्रत सोडून पाय कमवायचे? शेवटी गावात माताजींचा चातुर्मास होता, त्यांच्याकडे गेलो. म्हणजे यांनी गाडीतून नेलं. माताजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोळाकारण भावना म्हणता ना रोज? त्यात शक्तितस्तप आहे. शक्ती लपवू नये आणि शक्तीबाहेरही जाऊ नये." मग म्हणाल्या, सहा महिने एकासनाऐवजी रस-त्याग करा, तेल नाहीतर मीठ सोडा. आक्कांनी तिथंच मीठ सोडलं. त्या दिवशीचं अळणी वरण आम्ही सगळ्यांनी खाल्लं, ह्यांनी तोंड वाकडं करत.

दिवाळीत त्या काठी घेऊन बस्तीला गेल्या. संक्रांतीला काठी घरी राहिली. मध्ये फाल्गुनात सर्दी-तापानं दहा दिवस सगळं बंद पडलं आणि बाराची उठबस सातवर आली. इतक्या कष्टाचं इतक्या लवकर जातं, याचा मला फार राग आला. आक्कांना नाही आला. या वेळी मी त्यांना ताप उतरताच पलंगावरून उठवलं, कणीक मळायला बसवलं. काकी काय म्हणाल्या ते लिहीत नाही.

यंदा श्रावणात आमच्याकडे चौका लागला. आक्का दारात कलश घेऊन पडगाहनाला उभ्या राहिल्या, आत आल्या, पहिला घास त्यांनी दिला. मी हळूच त्यांच्यामागं खुर्ची सरकवली होती. त्यांनी न बघताच ती पायानं मागं ढकलली. आहार संपेपर्यंत उभ्या होत्या.

संध्याकाळी मी पाय चेपायला बसले. "दुखतात का?" विचारलं.

"दुखतात तर," म्हणाल्या. "आणि तुझं कुठवर आलंय? हात न टेकता उठून दाखव बघू."

मी दाखवलं. डावा हात थोडा टेकला.

"टेकला," आक्का म्हणाल्या. "परत."