गडव्याची मोजणी

मोजणी खात्यात ३७ वर्षे साखळी, टिपण आणि दप्तर सांभाळून निवृत्त झाल्यावर, धरमपेठेतील आमच्या घरी बसल्या बसल्या संगणकावर त्रिमितीय आकृती घडविण्याचा नाद मला नातीमुळे लागला, आणि झिरो माइलच्या स्तंभाजवळचे चार घोडेच प्रथम घडवीन असा मी हट्ट धरला. तिने तो साफ नामंजूर केला. "आबा, आधी देवघरातला गडवा करा न!"

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, याच चौकशीत माझा पंधरवडा गेला. भिंती उचलून घर उभे करायचे तर स्केचअप सोपे, यंत्राचे सुटे भाग काटेकोर मापाने करायचे तर फ्रीकॅड बरे. परंतु भांड्यापासून चेहऱ्यापर्यंत सर्व काही घडविणारे, तेही विनामूल्य, असे ब्लेंडरच मला रुचले. हॉलंडच्या टॉन रोसेंदाल यांनी १९९४ साली आरंभिलेल्या या कामाच्या कंपनीने गाशा गुंडाळल्यावर, २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरोंची वर्गणी जमवून त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली करून घेतली. वर्गणीचे असे चीज मी आमच्या पेठेत तरी पाहिलेले नाही.

गडव्याच्या पोटाभोवती दोरा गुंडाळला, तो ४४ सेंटीमीटर भरला. म्हणजे त्रिज्या सात. उंची १५. पडद्यावर आपोआप अवतरणारा ठोकळा दोन मीटरांचा असतो, त्याच्यापुढे गडवा मुंगीएवढा दिसेल म्हणून ठोकळा पुसला, आणि तळापासून काठापर्यंतची अर्धी कड १४ बिंदूंनी आखून 'स्क्रू' या सोयीने ती उभ्या अक्षाभोवती कुंभाराच्या चाकाप्रमाणे फिरविली. गडवा झाला, पण तळाला रुपयाएवढे भोक! पहिला बिंदू अक्षावर न ठेवता मी सेंटीमीटरभर बाजूला ठेवला होता. हद्दीचा दगड सरकला की सबंध शेताचा नकाशा बिघडतो, हे जन्मभर इतरांना बजावणाऱ्या माणसाच्या हातून हे घडावे!

बिंदू अक्षावर आणला, फेऱ्याचे ३२ भाग केले, 'सॉलिडिफाय'ने पत्र्याला दोन मिलिमीटर जाडी दिली, आणि पृष्ठभाग गुळगुळीत दाखविण्याचा हुकूम सोडताच देवघरातील गडवा पडद्यावर हजर झाला. जाडी देण्यापूर्वी त्याचे पृष्ठभाग मी मोजले, ४१६ भरले. घोडे अद्याप बाकी आहेत.