वारा की पाणी?

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्याला लागून गॅल्व्हेस्टन हे वाळूचे चिंचोळे बेट आहे. तेथील समुद्रालगतच्या हमरस्त्यावरून फिरताना आपण एका तटाच्या माथ्यावर आहोत, हे पाहुण्याच्या ध्यानीही येत नाही.

८ सप्टेंबर १९०० रोजी या शहरावर जे चक्रीवादळ कोसळले, त्यात निदान ६,००० माणसे दगावली. सेंट मेरी अनाथाश्रमातील १० धर्मभगिनी व ९० मुले त्यांतच होती. भगिनींनी कपडे वाळविण्याच्या दोरीने मुलांना आपल्या कमरेशी बांधून घेतले होते. त्यानंतर नगरवासीयांनी १७ फूट उंचीचा तट बांधला आणि गावच वर उचलले! २,००० हून अधिक इमारती जॅकांवर चढवून खाली वाळूचा भराव घातला. सेंट पॅट्रिक चर्चचे ३,००० टनांचे धूड ७०० जॅकांनी ५ फूट उचलले गेले.

तरी घरधन्याची काळजी मिटली नाही. येथे एका घराला बहुधा तीन विमे लागतात. आग, चोरी यांच्या नेहमीच्या विम्यातून किनाऱ्यावर वादळी वारा बहुतकरून वगळलेला असतो. त्यासाठी १९७१ साली राज्याच्या कायद्याने निराळी संस्था स्थापन झाली. पुराचे पाणी या दोहोंतही नाही. त्याची मध्यवर्ती सरकारची योजना १९६८ ची. तीत घराला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर मिळतात, आणि विमा साधारणतः ३० दिवसांनी लागू होतो. वादळाची वार्ता ऐकून धावणाऱ्याच्या पदरी काय पडणार?

तिन्ही विमे घेतले म्हणजे निर्धास्त झालो, असे कोणास वाटेल. १३ सप्टेंबर २००८ च्या पहाटे ‘आइक’ वादळ आले. तट टिकला, पण पाणी मागील दाराने, खाडीकडून, शहरात शिरले. शेजारच्या बोलिव्हार द्वीपकल्पावर तर कित्येक घरांचे नुसते जोतेच उरले. आता ते घर वाऱ्याने आधी पाडले, की लाटेने आधी ओढून नेले? वाऱ्याने म्हणाल तर एका विम्याने पैसे द्यावयाचे, पाण्याने म्हणाल तर दुसऱ्याने. साक्ष देण्यास भिंत नाही, छप्पर नाही. आणि सरकारची सूचना मानून घर सोडून गेलेल्या शहाण्या माणसाने तर डोळ्यांनी काहीच पाहिलेले नाही! वाद न्यायालयांत गेले. कोणत्या घटकेला वाऱ्याचा वेग किती आणि पाणी कोठवर, याचे हिशेब तज्ज्ञ मांडीत बसले, आणि तोवर कुटुंबे परक्या छपराखाली दिवस काढीत राहिली.

म्हणून आता जाणते लोक वादळाचा हंगाम लागण्यापूर्वीच घराची, खोलीखोलीची छायाचित्रे काढून ठेवतात आणि विम्याच्या कागदांसह ती बेटाबाहेरच्या आप्तांकडे पाठवून देतात.